ऑपेराला नेसवलेली पैठणी

मला शिकवायची भारी खोड. घरात, मंडळात, कुणी विचारो न विचारो. त्या खोडीनंच मी तोंडावर आपटले, आणि बरंच झालं म्हणायचं.

मस्कतच्या ऑपेरा हाऊसमध्ये एक जुना विनोदी ऑपेरा येणार होता. मी हौसेनं दोन तिकिटं काढली. ऐनवेळी रुसैलच्या कारखान्यात मशीन बंद पडलं नि यांना तिकडे पळावं लागलं. मुलगी म्हणाली, "आई, प्लीज, नो." उरल्या आमच्या सीबच्या घरी स्वयंपाकाला येणाऱ्या बाई, गुहागरकडच्या. पोळ्या लाटत होत्या. म्हटलं, "तुम्हीच चला."

"ताई, मला मेलीला काय कळणार त्यातलं? नेसायला पण काही धड नाही." मग माझी जांभळी पैठणी मीच त्यांना नेसवली. वर म्हटलं, "आज तुम्ही माझी मोठी बहीण. कामबिम विसरायचं."

गाडीत माझं व्याख्यान सुरू झालं. पूर्वी तिकडे राजेरजवाड्यांची, देवदेवतांची गंभीर संगीत नाटकं चालत. मधल्या वेळात लोकांना जरा हसवायला छोटे फार्स करत. ते फार्सच पुढे मोठे झाले, आणि देवांच्या जागी मोलकरणी नि खडूस मालक आले. आजच्या खेळात मोलकरीण आणि मालकीण कपडे बदलतात, मालकाची फजिती होते आणि मोलकरीणच मालकिणीची अब्रू वाचवते. खरे मालक पुढे बसून हे बघत नि हसत. म्हणून तर इतकी वर्षं टिकलंय.

"म्हणजे आमच्या गावच्या नमनाच्या खेळातली मावशीच की," बाई म्हणाल्या. "ती किसनदेवाला पण सोडत नाही." माझं अर्ध्या तासाचं व्याख्यान त्यांनी दोन वाक्यांत आटपलं.

आत सीटसमोरच्या छोट्या पडद्यावर इंग्रजी भाषांतर येत होतं. मी ते वाचत बसले. त्या नुसते चेहरे बघून माझ्याआधी हसत होत्या, पदर तोंडाला लावून.

मध्यंतरात त्या कॉफी आणायला गेल्या आणि समोरून यांच्या साहेबांची बायको आली. नोकरांना डोक्यावर बसवू नये, हे तिचं आवडतं वाक्य. तेवढ्यात बाई दोन कप घेऊन हसत आल्या, एक माझ्या हातात दिला. साहेबीणबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ह्या कोण तुमच्या?"

"ओळखीच्या नाहीत हो," मी म्हणाले. "आत शेजारी बसल्यात." जीभ झडली कशी नाही माझी, देव जाणे.

बाईंनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाल्या, "हो, नंबर शेजारी आलाय. त्यांच्या हातात पर्स होती, म्हणून म्हटलं मीच आणते."

साहेबीणबाईंची नजर पदरावर गेली. "अशीच जांभळी तुमचीही आहे ना? हळदीकुंकवाला नेसला होतात." मंडळातल्या बायकांना एकमेकींची पैठणी काठासकट पाठ असते, हे मी घरी कपाट उघडताना कशी विसरले?

"एकाच दुकानातली असेल," बाईच म्हणाल्या.

उरलेल्या खेळात मोलकरणीनं मालकिणीला अलगद सोडवलं. सगळं थिएटर हसत होतं. बाई हात मांडीवर ठेवून सरळ बसल्या होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तरी, खोटं कशाला सांगू, आतल्या आत मला हायसंही वाटत होतं की निभावलं. त्याची लाज जास्त वाटते.

दुसऱ्या दिवशी पैठणी मऊ धोतराच्या फडक्यात नीट गुंडाळून आली. मी म्हटलं, "काल माझं फार चुकलं."

"असू दे हो," म्हणत त्यांनी कणीक मळायला घेतली. मग मान वर न करता विचारलं, "मॅडम, भाजी कुठली करू?"

तीन वर्षं त्या मला ताई म्हणत होत्या. मी म्हटलं, भेंडी करा.