पंखा निघेना

आमच्या घरी एक बोट आहे. चौदा फुटी, ॲल्युमिनियमची, मागे चाळीस हॉर्सपॉवरचं इंजिन. सहा वर्षांत ती चार वेळा पाण्यात गेली. बाकीचा काळ ती अल्बनीत आमच्या ड्राइव्हवेवर ट्रेलरवर असते आणि माझी गाडी रस्त्यावर.

बोटीचे मालक म्हणजे आमचे हे. नाव घ्यायचंच तर मोरेश्वर. पिंपरीत बारा वर्षं मशीनशॉपमध्ये काढली, इथे खिडक्या बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी बघतात. माणूस सज्जन, पण सगळ्या जगाकडे एकाच नजरेने बघतो: कुठे फट राहिली आहे का. जेवण आवडलं तर म्हणतात, "ठीक आहे." फारच आवडलं तर काही म्हणत नाहीत, कारण सांगण्यासारखा दोष सापडलेला नसतो. मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात तिला पाहून यांचं पहिलं वाक्य होतं, "काट्यावर वजन नीट केलंय ना?" मी ते अजून विसरलेले नाही.

बोट घेतली ती याच मुलीसाठी. वल्लरी तेव्हा सोळा वर्षांची होती. तिला समुद्रात न्यायचं, मासे धरायला शिकवायचं असं ठरलं. घरात मासे कोणीच खात नाही, हा प्रश्न कोणी काढला नाही. पण कधी वारा दोन नॉट जास्त निघे, कधी तिचा नेटबॉल असे, कधी बुडाचं बूच नीट बसलंय का याबद्दल यांना शंका येई. चारही वेळा हे शेजारच्या ग्रॅहमबरोबर गेले. चौथ्या वेळी पंखा, म्हणजे प्रोपेलर, खडकाला लागला आणि त्याचं एक पातं वाकलं.

२०१७ च्या फेब्रुवारीत वल्लरीचं लंडनचं तिकीट आलं. इथली किवी मुलं शिक्षण संपलं की दोन वर्षं परदेशात काढतात, त्याला ओई, म्हणजे ओव्हरसीज एक्स्पीरियन्स, म्हणतात. रविवारी दुपारची फ्लाइट होती.

"सॅटर्डे, बाबा. लास्ट चान्स," ती म्हणाली. हसतच म्हणाली, पण यांचा चेहरा उतरला. सहा वर्षांचं राहिलेलं एका शनिवारात करायचं होतं.

शनिवारी भरती साडेबाराला. बोट पाण्यात उतरवायचा आमचा रॅम्प भरतीच्या आगेमागे दोनच तास कामाचा, नंतर नुसता चिखल. नवा पंखा आणून ठेवलेला होता. जुना काढायचा, नवा बसवायचा, अर्ध्या तासाचं काम. आठ वाजता यांनी स्पार्क प्लगच्या वायरी काढल्या, स्प्लिट पिन सरळ करून ओढली, पातं फिरू नये म्हणून लाकडी ठोकळा अडकवला आणि नट सोडवला. नट मुकाट निघाला. पंखा हलला नाही.

मागून ठोकळा लावून हातोडीने ठोकलं, थोडं फिरवलं, परत ठोकलं. गंज सोडवायचा स्प्रे मारून वीस मिनिटं थांबले. दहा वाजता ग्रॅहम कुंपणावरून डोकावले आणि गॅसची टॉर्च लावा म्हणाले. हे म्हणाले, पंख्याच्या आत रबर असतं, ते जळेल. ग्रॅहम म्हणाले, "स्वीट ॲज," म्हणजे इथल्या भाषेत बरं तर, आणि खुर्ची आणून बघत बसले.

वल्लरी टॉग्सवर, म्हणजे पोहायच्या कपड्यांवर, टीशर्ट घालून, पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून शेजारी बसली होती. तिने नट उचलून वास घेतला.

"बाबा, व्हाय डज इट स्मेल लाइक आई'ज हेअर?"

आता मला सांगणं भाग आहे. दोन वर्षांपूर्वी हाच पंखा काढून परत बसवताना बोटीचं ग्रीस संपलेलं होतं. रविवार, दुकान बंद. मी म्हणाले, खोबरेल लावा, आमच्याकडे बिजागरीपासून डोक्यापर्यंत सगळ्याला तेच लावतात. मी फार्मसिस्ट आहे, आणि मशीनशॉपमध्ये बारा वर्षं काढलेल्या या माणसाने माझं ऐकलं. एरवी कधी ऐकत नाहीत. खारं पाणी आत शिरलं आणि दोन वर्षांत पंखा दांड्याला धरून बसला.

"ग्रीस नव्हतं. माझंच चुकलं," हे म्हणाले आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी आत जाऊन किटली लावली. उकळतं पाणी पंख्याच्या मधल्या भागावर ओतायचं, लगेच ठोकायचं. असं नऊ वेळा केलं. साडेबारा झाले, भरती आली. अडीच झाले, भरती गेली. कोणी घड्याळाचं नाव काढलं नाही. चार वाजता दहाव्या किटलीला टक् असा आवाज झाला आणि पंखा यांच्या मांडीवर आला. ग्रॅहमनी टाळ्या वाजवल्या. हे म्हणाले, "ठीक आहे."

मग दांडा घासून, खरं ग्रीस लावून नवा पंखा चढवला, कारण हातात घेतलेलं काम अर्धं टाकता येत नाही. कचऱ्याचं बिन धुऊन इंजिनखाली सरकवलं, इंजिन गार राहावं म्हणून मी त्यात पाइपने पाणी सोडलं. इंजिन न्यूट्रलमध्ये चालवून बघायचं होतं. वल्लरी बोटीत चढून स्टिअरिंगपाशी बसली. यांनी तिला लाइफ जॅकेट घालायला लावलं आणि स्वतःही घातलं. ट्रेलरवर बुडायची भीती नव्हती, पण नियम म्हणजे नियम.

किल्ली फिरली. आवाजाने ग्रॅहम खुर्ची घेऊन मागे सरकले. बोटीत दोघं शेजारी शेजारी, नजर समोरच्या गॅरेजच्या दारावर. आणि अचानक हे ओरडले, "तू गेल्यावर मला अजिबात करमणार नाही!"

इंजिनच्या आवाजात ते विरून जाईल असा यांचा अंदाज होता. मागे पाइप धरून उभ्या असलेल्या मला स्वच्छ ऐकू आलं.

वल्लरीने इंजिन बंद केलं. "बाबा, व्हॉट डिड यू से?"

रस्ता एकदम शांत झाला. बिनमधलं पाणी कमी झालंय, असं काहीतरी म्हणून सुटता आलं असतं, आणि हे तेच म्हणणार याची मला खात्री होती. यांनी लाइफ जॅकेटचा पट्टा सैल केला, परत आवळला.

"तू गेल्यावर मला अजिबात करमणार नाही," हे म्हणाले. साध्या आवाजात, तिच्याकडे बघून.

वल्लरीने इंजिन परत चालू केलं नाही. दोघं तशीच बसून राहिली. बिन भरून पाणी ड्राइव्हवेवरून वाहायला लागलं तरी माझ्या हातातला पाइप बंद करायचं मला सुचलं नाही.