बाबूजींची लाल रेघ

आमच्या यवतमाळच्या पेन्शन कार्यालयातले बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, सगळ्यांचे बाबूजी, साहेबलोकांना कधी घाबरले नाहीत. घाबरायचे ते एका इंग्रजी क्रियापदाला. मसुद्यात ‘रिक्वायर’ दिसला की पेनाला टोपण लावून लिहिणाऱ्याला समोर बसवायचे. “हे नाही केलं तं काय बिघडते, सांग.” उत्तर देता आलं नाही की लाल रेघ.

“‘रिक्वेस्ट’ लिहिलं तं मानसाले नाही म्हनता येते,” ते सांगत. “‘रिक्वायर’ म्हंजे करनंच आहे. गरीब मानूस तं मरत मरत करते.” मी तेव्हा इंग्रजीत एम.ए. होऊन नुकताच नोकरीला लागलेलो. मॅट्रिक झालेल्या म्हाताऱ्यानं मला शब्दार्थ शिकवावा, याचा मला रागच यायचा.

एकदा ते आठवडाभर रजेवर गेले. मी जुन्या नमुन्यावरून धडाधड पत्रं काढली आणि साहेबांनी न वाचता सह्या ठोकल्या. त्यातलं एक गेलं बोरी अरबजवळच्या तांड्यावर, एका निवृत्त चौकीदाराला. सही जुळत नाही, दिलेल्या तारखेला जातीनं हजर राहणं ‘रिक्वायर्ड’ आहे.

बाबूजी रुजू झाले त्याच दिवशी तो चौकीदार आला. मुलानं एसटीतून आणून ऑटोत बसवलेला. अर्धांगानं उजवी बाजू गेलेली, मग सही कशी जुळणार? जिना चढणं शक्यच नव्हतं. बाबूजी स्वतः शाईचा पॅड घेऊन खाली उतरले, मीही मागोमाग गेलो.

“कायले आले बाप्पा तुम्ही?”

“मास्तरनं कागद वाचला. म्हने, जाच लागते.”

बाबूजींनी ऑटोतच डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. काम दोन मिनिटांत झालं. मुलगा हळूच म्हणाला, “साहेब, अंगठा चालते का म्हून मी अर्ज देल्ला होता.” मागाहून वर येऊन मी फाइल उघडली, तर अर्ज पुढच्याच पानावर होता. मी पान उलटलंच नव्हतं.

ऑटो निघण्याआधी म्हाताऱ्यानं डावा हात कपाळाला लावून मला म्हटलं, “तारखेले येनं झालं नाही साहेब, एक दिवस उशीर झाला. माफी करजा.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबूजी शेजारीच उभे होते. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं आणि पॅड घेऊन जिना चढू लागले.

बाबूजी जाऊन चार वर्षं झाली. त्या दिवशी किंवा नंतरही ते मला त्याबद्दल एका शब्दानं बोलले नाहीत. चार शिव्या दिल्या असत्या, तर मी तो म्हातारा कधीच विसरून गेलो असतो.