वाघासाठी लावलेलं गाणं
मोहफुलं वेचायला आम्ही बाया आवाज करत जातो. वाघ आता गावाला लागूनच असतो. दरवर्षी रिकामा डबा बडवायचो. यंदा नागपूरला नोकरी करणारी माझी मुलगी सुट्टीवर आली आणि तिने छोटा स्पीकर मोहाच्या फांदीला टांगला. त्यातला इंग्रजी गाणारा असा किंचाळायचा की माझं डोकं उठायचं. रोज सकाळी तोच, संपला की पुन्हा तोच.

मी चौथी शिकलेली, मला काय कळणार? जाऊबाईंनीच विचारलं, "काऊन बोंबलून राह्यला वो हा? मारलं का कोणी त्याले?"

मुलगी फुलं वेचता वेचता म्हणाली, "दुसऱ्याच्या बायकोवर जीव आहे त्याचा, काकू. म्हणते, तुह्यासाठी घर जाळतो, देवालेबी भेत नाई, एकडाव ये."

"एवढा बोंबलते तं तिच्या नवऱ्यालेच पयले आयकू जाईन!"

मी पदर तोंडावर घेऊन हसले. पण मनातून वैतागले होते. मुलगी प्रत्येक गाण्याचा अर्थ न लाजता सांगायची. एका गाण्यात याला जातीबाहेरची हवी, दुसऱ्यात हा कोणाच्या दाराशी जळून राह्यला. सांगताना तिचा आवाज हळू व्हायचा. घरी फोन आला की ती विहिरीमागे जायची. विचारलं तर म्हणे, मैत्रीण आहे. मैत्रिणीशी बोलायला विहिरीमागे कशाला जावं लागतं? परक्या माणसाची आग मला फोडून सांगते, स्वतःचं एक अक्षर नाही. आणि मी अशी भित्री, की पोटच्या पोरीला असलं विचारायला माझी जीभ उचलत नाही. तिकडे तिच्या बाबांनी रविवारी तिला बघायला पाहुणे बोलावून ठेवलेले. पाहुणे एकदा हो म्हणाले की पुढे तिचं कोण ऐकणार होतं?

शनिवारी जाऊबाई पलीकडच्या झाडाखाली गेल्या. तो मेला पुन्हा सुरू झाला. मी टोपली खाली ठेवली.

"बंद कर ते."

"वाघ आला तं, माय?"

"येऊ दे. त्या गाणाऱ्याचं लय आयकलं. आता तुह्यं सांग. उद्या पाव्हणे येऊन राह्यले."

 तिने स्पीकर बंद केला. फुलं पडल्याचं ऐकू यायला लागलं.

"काऊन बंद केलं वो?" पलीकडून जाऊबाई ओरडल्या.

इतक्या मोठ्याने मी कधी कोणाशी बोलले नव्हते. "तुम्ही डबा बडवा, बाई! आमी मायलेकी बोलून राह्यलो!"