सोमवारी झाकलेली पेटी

आमच्या घरी सोमवारी दोन गोष्टी होत नाहीत. मासे शिजत नाहीत आणि पेटी वाजत नाही. पहिला नियम सासूबाईंचा, त्याला देवाचा आधार आहे. दुसरा माझा. त्यालाही देवळाचाच आधार आहे, पण तो मला फार उशिरा सापडला.

पंचेचाळिशी उलटल्यावर मी हार्मोनियम शिकायला बसले. कारण साधं होतं. आमच्या सर्वणच्या देवळात वर्षातून एकदा भजनी सप्ताह असतो. नाव सप्ताह, पण चालतो एक दिवस आणि एक रात्र. तेवढा वेळ देवासमोरचं भजन क्षणभरही थांबता कामा नये. म्हणून गावातल्या वाड्यावाड्यांना, म्हणजे एकेका वस्तीला, पार वाटून दिलेले असतात; पार म्हणजे गायची पाळी. एका वाड्याने आपला पार गायचा, तो संपला की पुढच्या वाड्याने येऊन बसायचं. आमच्या वाड्यावरच्या बायकांनी दुपारचा आणि पहाटेचा असे दोन पार मागून घेतले होते. गळे होते, टाळ होते, घोडं पेंड खात होतं ते पेटीपाशी. दरवर्षी दुसऱ्या वाड्यावरच्या कुणा बुवाची मनधरणी करायची, त्याला चहा, त्याला भजी, आणि वर तो आमच्याच चाली आम्हाला शिकवणार. एके वर्षी माझं डोकं फिरलं. आमच्या बायकांची पेटी मीच वाजवीन, असं मी सगळ्यांसमोर बोलून बसले.

बोलून बसल्यावर करून दाखवणं आलं. डिचोलीतल्या ऑफिसातून घरी आले की हातपाय धुवायचे आणि पेटीसमोर बसायचं. एक दिवस चुकवला तर सगळं गेलं, अशी माझी पक्की समजूत. गणेशचवथीला घर पाहुण्यांनी भरलेलं असताना मी आतल्या खोलीत भाता मारत होते. ताप असताना बसले. मे महिन्यात धारगळला माहेरी जायचं सोडलं, कारण तिथे पेटी नाही. शिकवणारे गुरुजी म्हणायचे, "बाई, एखादा दिवस ठेवून द्या." मला वाटायचं, बाईमाणूस म्हणून हे मला सवलत देतात. मग मी आणखी हट्टाने बसायचे.

अति तिथे माती, हे काय मला माहीत नव्हतं? दुसऱ्या वर्षी पेटीचं झाकण बघूनच मी तोंड फिरवायला लागले. बोटं चालत, पण त्यात जीव नव्हता. नवरा एकदा जनेलाच्या गजांतून डोकावून म्हणाला, "वाजवतेस की सूड उगवतेस?" मी त्याच्याशी दिवसभर बोलले नाही. खरं तर तो बरोबर होता. मला पेटीचा तिटकारा आला होता. इतक्या हौसेने घेतलेली वस्तू डोळ्यांसमोर नको वाटावी, याचं मला रडू येई.

सप्ताह आला तेव्हा मी मनात ठरवूनच देवळात गेले. आजची दुपार वाजवायची आणि मग हे कायमचं बंद. पहाटेच्या पाराला कुणालाही बसवा. हे मी फक्त सासूबाईंना सांगितलं.

दुपारचा पार सुरेख झाला. शेवटचं आहे म्हटल्यावर माझी बोटं मोकळी झाली. बायका अशा गायल्या की बाहेर विडी ओढणारे पुरुष आत येऊन बसले. पार संपत आला तशी पुढच्या वाड्याची मंडळी आली. आमच्या पलीकडे त्यांनी बैठक मारली, त्यांच्या पेटीवाल्याने माझा सूर धरला, टाळ या हातातून त्या हातात गेले. रीत अशी, की त्यांचा सूर मिसळला की आपण भाता सोडून हळूच उठायचं.

मी उठलेच नाही. हात सुटेना. दोन पेट्या वाजत राहिल्या, माझ्या बायका उठून कडेला उभ्या राहिल्या, पेटीवाला माझ्याकडे बघायला लागला. तेव्हा सासूबाई मागून आल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बाय, उठ आता. तुझो पार सोंपलो, सप्तो सोंपूक ना."

मला राग आला, लाजही वाटली. घरी येऊन भात-आमटी जेवले आणि आडवी झाले. देवळावरचा कर्णा शेतांपलीकडून ऐकू येत होता. भजन माझ्यावाचून छान चाललं होतं. आणि एकदम छातीवरून कुणीतरी वजन उचलावं तसं वाटलं. आख्ख्या गावात सबंध सप्ताह गाणारा एकही माणूस नव्हता, कधीच नव्हता. सगळे आपला पार झाला की उठतात, घरी जाऊन जेवतात, झोपतात आणि पुढच्या पाराला परत येतात. म्हणून तर ते तुटत नाही. लहानपणापासून हे बघत आले होते, पण मला वाटायचं, ती फक्त देवळातली सोय आहे. मी गाढ झोपले.

पहाटेच्या पाराला मला उठवायला नवरा आला, तेव्हा मी साडी नेसून ओटीवर उभी होते. सासूबाईंनी मला बघितलं, आणि त्या नुसत्या कंदील घेऊन पुढे चालू लागल्या.

तेव्हापासून सोमवारी पेटी बंद. मे महिन्यात आठ दिवस धारगळला जाते, आईबरोबर फणस फोडते आणि सुराचं नावही काढत नाही. परतताना बसमध्येच हात शिवशिवायला लागतात. सप्ताहात बुवाची मनधरणी आता कुणी करत नाही.

आज सोमवार. सासूबाईंनी पेटीवर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या रचून ठेवल्यात. मघापासून माझी बोटं मेजावर एक चाल धरून बसली आहेत, आणि कधी एकदा उद्याची संध्याकाळ होते असं मला झालंय. कपडे उद्या मीच उचलीन.