सफरचंदांच्या यंत्रात गॅरेटचं रीळ

वांडा हुडाकच्या नाकावर अख्ख्या शाळेचा भरवसा होता. अ‍ॅक्रन शहराच्या दक्षिणेकडच्या शाळेत ती पोरांचं दुपारचं जेवण रांधायची. भट्टीत काही करपायला लागायच्या आधी, नुसतं करपायच्या बेतात असलं की तिला वास यायचा. मग आधी बटण बंद करायचं, झाकण नंतर उघडायचं. वीस वर्षांत तिनं मॅकरोनीचा एकही ट्रे जाळला नव्हता. त्याच नाकानं त्या शनिवारी तिचा घात केला.

त्याआधी गॅरेटचं सांगायला हवं.

गॅरेट यूरिक आणि त्याचे दोन मित्र. गॅरेटच्या आईच्या तळघरात बसून त्यांनी एकच अल्बम केला, ‘डावी लेन बंद’. बँडचं नाव मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ, टायरवर शिक्का असतो ना, त्यावरून. आमच्या टायरच्या गावात दुसरं काय सुचणार? गिटारचा आवाज असा की शब्द उकरून काढावे लागतात. शहाण्यासुरत्या लोकांनी तेव्हा नाकं मुरडली, गोंगाट आहे म्हणाले. म्हणोत. वांडाचे वडील कामाला होते तो टायरचा कारखाना बंद पडला त्या हिवाळ्यात ती ही कॅसेट गाडीत लावून कामाला जायची. तिसऱ्या गाण्यात गॅरेटचा गळा मध्येच फाटतो आणि तो तसाच गात राहतो. त्या जागी वांडा आजही गाडी बाजूला घेते. तिच्यासारखे असे कितीतरी आहेत. पोरंबाळं झाली, केस गेले, गुडघे गेले, हा गोंगाट काही सुटला नाही.

सात वर्षांपूर्वी गॅरेटचं हृदय थांबलं. तेव्हापासून त्याच्या वाढदिवसाला ही माणसं त्याच्या आईच्या दारात येतात. रस्ता आणि पदपथ यांच्यामधल्या गवताच्या पट्टीला, आमच्याकडे तिला सैतानपट्टी म्हणतात, लागून गाड्या उभ्या करायच्या, काचा खाली करायच्या आणि ज्यानं त्यानं आपली कॅसेट लावायची. सगळ्यांनी एकाच वेळी सुरू करायची पद्धत नाही. कुणाचं पहिलं गाणं, कुणाचं पाचवं, रस्ताभर नुसता गदारोळ. आणि ऐंशी ओलांडलेल्या मिसेस यूरिक ओसरीतून ओरडतात, “मोठ्यानं लावा रे! मी बहिरी आहे, मेलेली नाही!”

पण कॅसेटी झिजत चालल्या होत्या. यंदा तीन गाड्यांतून नुसती खरखर आली. कॅसेट काढणारी कंपनी कधीच बुडाली. ज्या टेपवर गाणी मुद्रित केली ते मूळ रीळ एकच, मिसेस यूरिकच्या शिवणयंत्राखाली बिस्किटांच्या डब्यात. विद्यापीठाचे दोन टायवाले येऊन गेले होते. थंड खोलीत जपू म्हणाले, रांग मोठी आहे, दोनेक वर्षं लागतील. म्हातारीनं त्यांना कॉफी पाजली आणि वाटेला लावलं. “डबा तिकडे गेला की माझ्याच पोराला भेटायला मला ओळखपत्र दाखवावं लागेल.”

मग यंदाच्या वाढदिवसाला रस्त्यावरच, सगळ्यांदेखत, वांडा बोलून गेली, “गाणी मी उतरवून घेते.”

करायचं काय, ते तिला थॅड ब्रूनरनं सांगितलं. थॅड जुनी टेपयंत्रं दुरुस्त करतो. त्या काळच्या रिळांचा डिंक हवेतला ओलावा पितो आणि चिकट होतो. तसंच वाजवलं तर वरचा तपकिरी थर खरवडून निघतो, गाणं त्याच्याबरोबरच जातं. म्हणून आधी रीळ मंद आचेवर तासन्‌तास सुकवायचं. लोक त्यासाठी फळं वाळवायचं यंत्र वापरतात. वांडाकडे ते होतं. दर वर्षी ती त्यात सफरचंदाच्या चकत्या वाळवायची.

“एकशे तीस फॅरनहाइटच्या वर जाऊ देऊ नकोस,” थॅडनं बजावलं.

शनिवारी सकाळी तिनं यंत्र तीनतीनदा पुसलं, मांस भाजताना टोचतात तो तापमापक आत सरकवला, रीळ ठेवलं. रीळ घेऊन आलेल्या मिसेस यूरिक तिच्या स्वयंपाकघरातच बसून राहिल्या. सोबत कोबीचे आंबट गोळे तळून आणले होते. कुणी हात लावला नाही.

दुपार कलली आणि वांडाला वास आला.

मेणाचा. रंगखडू तव्यावर वितळावा तसा. तिच्या हातानं डोक्याला विचारलंच नाही. प्लग ओढला, झाकण उघडलं, गरम हवा तोंडावर आली. रीळ तसंच दिसत होतं. पण तसंच दिसतं म्हणजे काय? आतून वितळलं असलं तर बाहेरून थोडंच दिसणार?

मिसेस यूरिकनी मान वर केली. “जळतोय का गं तो?”

वांडानं थॅडला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. तो एका चर्चचे स्पीकर जोडत होता आणि फोन त्याच्या गाडीत वाजत होता. पुढच्या वाढदिवसाच्या गाड्या वांडाच्या डोळ्यांपुढे आल्या. काचा खाली, आणि आत काहीच नाही. म्हातारी ओसरीवर कान देऊन बसलेली. कुणी शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं, पण ती माणसं नुसती तिच्याकडे बघतील. कुणी सांगितलं होतं पुढे पुढे करायला?

“बोल की गं पोरी.”

“माहीत नाही मला, मिसेस यूरिक. आईशप्पथ, माहीत नाही.”

म्हातारीनं टेबलाची कड धरली आणि डोळे मिटून घेतले.

फोन येऊन गेलेले पाहून थॅड आला तेव्हा अंधारून यायला लागलं होतं. दारातच त्यानं हुंगलं.

“हा? अगं, हा वास येतोच. सुकायला लागलं की येतो.” मग त्याची नजर भिंतीकडे गेली. “प्लग कुणी काढला?”

“मी. वास आला म्हणून.”

“बाई गं! ही काय तुझी मॅकरोनी आहे? झाकणही उघडलंस?”

“तू सांगितलं होतंस का वासाचं? एकशे तीस, एकशे तीस, एवढंच पढवलंस!”

“अर्धवट सुकलेलं असं उघडं ठेवायचं नसतं. ओलावा परत शिरला असेल तर...”

“तर काय?”

“माहीत नाही.”

“माहीत नाही म्हणजे?”

“म्हणजे मलाही भीती वाटतेय! झालं समाधान?”

“भांडा नंतर,” मिसेस यूरिक म्हणाल्या. “लावा ते.”

पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. त्या यंत्राच्या पंख्याची घरघर जरा बदलली तरी वांडा दचकायची. नाकावरचा तिचा भरवसा उडाला होता. वास येतच होता, आणि हा चांगला की वाईट ते आता तिला सांगता येत नव्हतं.

रविवारी, रीळ पुरतं निवल्यावर, थॅडनं त्याचं टेपयंत्र मांडलं आणि शेजारी संगणक जोडला. मिसेस यूरिक चर्चच्याच कपड्यांत आल्या होत्या.

“एकदाच वाजवायचं,” थॅड म्हणाला. “मध्ये थांबायचं नाही. मी संगणकावर आवाजाच्या आकड्यांकडे बघतो. वांडा, तू रिळावर बोट ठेव, अगदी हलकं. चिकटतंय वाटलं तर ओरड.”

वांडानं बोट ठेवलं. रीळ फिरलं.

आधी घरघर आली. अल्बमच्या सुरुवातीला आहे तीच. ती ट्रकची की विमानाची, यावर लोक तीस वर्षं भांडले आहेत. मग कॅसेटवर कधीच नव्हता असा एक आवाज आला, कोवळा, वैतागलेला. “आई, ते कपडे धुवायचं मशीन बंद कर ना!” आणि वरून, लांबून, एका बाईचा. “तुझ्याच घाणेरड्या चड्ड्या आहेत त्यात!” कुणीतरी फिस्सकन हसलं आणि ड्रम सुरू झाला.

मिसेस यूरिकनी तोंडावर हात दाबला. खांदे गदागदा हलत होते, हसण्यानं की कशानं ते कळायला मार्ग नव्हता. मग त्या एकदम उठल्या आणि यंत्राकडे हात पुढे केला. “थांबव. ते परत लाव. तेवढंच.”

“नाही!” वांडा ओरडली. म्हातारीवर असं कुणी ओरडलेलं नव्हतं. “थांबवलं तर चिकटेल. खाली बसा, मिसेस यूरिक. पाया पडते, बसा.”

त्या बसल्या. रीळ फिरत राहिलं. वांडाच्या बोटाखाली मधूनच एक बारीक ओढ जाणवायची. हे चिकटणं की आपलंच बोट थरथरतंय? ओरडावं का? ओढ सुटायची, पुन्हा यायची. तपकिरी भुगा यंत्राच्या पत्र्यावर साचत होता, चिमूटभर, मग जरा जास्त. थॅडचे ओठ पांढरे पडले होते. पण आकडे हलत होते.

शेवटी रिळाचं टोक सुटलं आणि फटफट फटफट आपटायला लागलं.

“आलं,” थॅड म्हणाला. “सगळं आलं. वांडा, ऐकलंस का ते? तिसऱ्या गाण्यात तो...”

“तिसरं गाणं झालं?” वांडानं विचारलं.

तिला एक सूर ऐकू आला नव्हता. रिकामं रीळ तिच्या बोटाखाली गरगरत होतं आणि तिला बोट उचलता येईना. शेवटी मिसेस यूरिक उठल्या, तिचा हात मनगटाला धरून बाजूला घेतला आणि थॅडला म्हणाल्या, “बंद कर रे ते. पोरगी किती घाबरलीये बघ.”