गाठ मारलेला पट्टा

"गाठ माझ्याशी आहे" असं मला आयुष्यात बऱ्याच जणांनी ऐकवलं. पण ते म्हणताना खरोखरची गाठ मुठीत धरून उभा राहिलेला माणूस एकच, गोंडपिपरीकडचा एक ट्रेलर ड्रायव्हर. मला तो पहिल्या दिवसापासून सहन झाला नाही, आणि त्याला मी.

मी मिरजेकडचा, सातवीत शाळा सोडलेला. साखर कारखान्यावरचं काम सुटलं तेव्हा एका ओळखीवर थेट चंद्रपुरात येऊन पडलो. सेठचं दुकान अवजड माल बांधायचे पट्टे आणि साखळ्या भाड्यानं द्यायचं. सेठनी काम दिलं, गोदामात झोपायला जागा दिली, आणि दीड वर्षानं म्हणाले, "दुकानामांगची खोली खाली करून देतो, बायकोले अन् पोरीले घेऊन ये." तिकडं गावी बायकोनं भांडी पोत्यात भरूनसुद्धा ठेवली. इकडं खोली अजून हातात आलेली नव्हती. त्या महिन्यात सेठ नुसते खोकले तरी मी दचकायचो.

कशाला काय बांधायचं हे त्यांनीच शिकवलं होतं. धारदार कडांच्या मालाला साखळी. गोल, गुळगुळीत मालाला पट्टा, कारण लोखंडावर लोखंड घसरतं. पट्ट्याच्या दोन्ही कडा अंगठ्यानं चाचपायच्या, उन्हानं विटून कडक झालेला बाजूला टाकायचा, शिवलेल्या लेबलावरचा भाराचा आकडा वाचायचा. आणि पट्ट्याला गाठ कधीच नाही. गाठ पडली की निम्मी ताकद तिथंच गेली.

तो शुक्रवार होता. सेठ नमाजला गेलेले. ड्रायव्हर मुलचेऱ्याच्या राइस मिलचा बॉयलर ट्रेलरवर घालून दारात आला. चार लांब पट्टे लागणार होते. बाहेर तीनच. चौथा सेठच्या कपाटात, कुलपात.

"भाऊ, सेठ येईपर्यंत थांबा," मी म्हणालो.

"थांबा म्हने! पुन्याचा साहेब आला का बे तू?" तिथल्या लोकांच्या लेखी नागपूरच्या पलीकडचा सगळा मुलूख पुणंच. त्यानं खुंटीवरचे दोन आखूड पट्टे ओढले, एकमेकांना गाठ मारली, बॉयलरवरून टाकले आणि दांडा मारून आवळलेसुद्धा.

"असं नाही चालणार. गाठीपाशी तुटंल."

"माह्या बापानं सागाचे लठ्ठे दोरानं बांधून नेले. एक गाठ सुटली नाई कधी. अन् सातवी सोडलेला तू मले शिकवून राह्यला?" त्यानं ती गाठ मुठीत धरली. "हे सोडली ना, तं तुही गाठ माह्याशी आहे. सेठले सांगून तुही खोली काढून टाकतो."

खोलीचं त्याला कुणी सांगितलं कुणास ठाऊक. पुढचं मी भीतीनं केलं की रागानं, ते मला आजही सांगता येत नाही. तो केबिनकडं वळला तसा मी पट्टा सैल केला. गाठ सोडायला गेलो तर ती दगड झालेली. सैल केलेला पट्टा त्यानं परत आवळला असता. मी सुरी काढली आणि गाठीच्या दोन्ही अंगांनी कापली.

त्यानं माझी गचांडी धरली, तेवढ्यात सेठ आले.

"पाहा सेठ, तुमच्या मानसानं चांगले पट्टे कापले!"

सेठनी गाठीचा तुकडा उचलला. "गाठ कोनं मारली?"

"म्या. घाई होती."

"अन् कापली कोनं?"

"मी," मी म्हणालो.

"म्हंजे माह्या पट्ट्याची वाट दोघांनी लावली." त्यांनी कपाट उघडलं, चौथा पट्टा माझ्या अंगावर फेकला. "ताला तोडाची हिंमत नाई, पट्टा कापाची आहे! बांध."

मी बांधला. कुणी मदत केली नाही. ड्रायव्हर थुंकून निघून गेला.

बॉयलर सुखरूप पोचला. परत आल्यावर त्यानं स्टँडवर सगळ्यांना सांगितलं, "गाठीनंही गेला असता." तुटलं असतं हे मला कधीच दाखवता येणार नव्हतं. पुढं तो दुसऱ्या दुकानात जायला लागला. आमच्या दारावरून जाताना शिवी हासडायचा. शिवी ऐकली की मला आधी बरं वाटायचं, गडी अजून धड आहे म्हणून, आणि मग राग यायचा.

आठवडाभर सेठनी खोलीचं नाव काढलं नाही. रोज वाटायचं, आज निघ म्हणतील. आठव्या दिवशी त्यांनी खोलीची किल्ली टेबलावर आपटली आणि कापलेले दोन तुकडे माझ्याकडं भिरकावले.

"हे कोन भाड्यानं नेनार आता? ने. त्याच्यावर वाळू घाल चड्ड्या."

बायको आली. खोली लांब होती, एक तुकडा पुरेना. मी बाहेरून येईतो तिनं दोन्ही तुकड्यांना गाठ मारून खिळ्याला ताणले होते. ओली सतरंजी टाकायच्या आधी मी गाठीला दोन्ही हातांनी लोंबकळून पाहिलं. पोरगी हसत सुटली.