कामी आले

मैत्रिणींनो, आज दुपारी ज्या आल्या नव्हत्या, त्यांच्यासाठी मंडळाच्या फळ्यावर हे लिहून लावते आहे.

वाद रंगला होता, महाराज थोर की पेशवे? मी पेशव्यांच्या बाजूने. "दिल्लीपर्यंत धडक कुणी मारली?"

"अगं, महाराजांनी राज्य उभं केलं म्हणून मारली ना!" कुसुम म्हणाली. सगळ्या हसल्या.

मला चेव आला. "एकेका लढाईत हजारो कामी आले, म्हणून तर दरारा बसला!"

मागून शेवंताताईंनी विचारलं, "वहिनी, कुणाच्या कामी?"

मी हसून म्हटलं, "अहो, लढाईत मेले त्यांना तसं म्हणतात."

"आता ठाऊक आहे. ब्रह्मदेशातून ह्यांच्याबद्दल तार आली, ती मास्तरांनी वाचली. म्हणाले, कामी आले. मी विचारलं, मग घरी कधी येणार?"

शेवंताताईंचा नवरा मागच्या महायुद्धात गेला, हे मला माहीत होतं. आपल्या सगळ्या घाटकोपरला माहीत आहे. तरी मी त्यांनाच अर्थ समजावला, तोही हसत.

उद्या त्यांच्याकडे जाणार आहे. दार उघडल्यावर पहिलं काय बोलू, सांगाल का कुणी?